कोस्टा रिकातला पौष

आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणी सांगता येईल. मी एकदा परक्या मुलखात, सगळं सुखरूप असलेल्या घरात शिरून, त्या घरच्या बाईच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडले. घरात कुणी गेलं नव्हतं. कुणाला साधा ताप नव्हता. पाहुणे जमले होते, कोंबडी घातलेला भात शिजत होता, कोपऱ्यात एक गृहस्थ गिटारच्या खुंट्या पिळत बसले होते. आणि शिरूर तालुक्यातली ही शहाणी बाई डोक्यावर पदर, हातात भाकरी-पिठल्याचं गाठोडं अशी आत गेली आणि तिनं असा सूर लावला की गिटारवाले गृहस्थ उठून उभेच राहिले.

तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते, म्हणजे तशी पोरच. आता गुडघ्यांबरोबर माझा ताठाही झिजलाय, त्यामुळे त्या पोरीकडे मला लांबून बघता येतं. हसू येतं. मग जरा वेळानं येईनासं होतं.

पौष लागला की ती एकसष्टीची पोर हटकून येते. घोडनदीकडून वारा सुटतो, मागच्या दाराची कडी आपली आपण वाजत राहते. रांगडा कांदा काढणीला आलेला असतो आणि गावभर त्याचा ओला, तिखट वास भरून राहतो. हमरस्त्यावरून रांजणगावच्या कंपन्यांच्या बसगाड्या हॉर्न देत जातात. पुढच्या दोन खोल्या मी कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्यात. त्यांची पाळी बदलते तसा माझा दिवस उगवतो नि मावळतो. "माताजी, पानी आया क्या?" हे एक वाक्य सकाळी, तेच संध्याकाळी. कधी कधी नळाला पाणी आलेलं मला दिसत असतं, तरी मी म्हणते, "देखती हूँ." म्हणजे तेवढंच आणखी एक वाक्य होतं.

आणि मग संक्रांत. ओट्यावरून बाया जाताना दिसतात. हातात ताट, ताटावर विणलेला रुमाल, अंगावर नवी कोरी काळी साडी, घडीच्या खुणा अजून मोडलेल्या नसतात. आता काळ बदललाय म्हणतात, आणि खरंच थोडा बदललायही. बचत गटातल्या पोरी मला बोलवायला येतात. "काकू, आता तसलं काय राह्यलं न्हाई, चला की तुम्ही!" मी जाते. दारापाशी बसते. एखादी सून हळदीचं बोट घेऊन माझ्यासमोर येते, आणि कपाळाला लावायच्या आधी क्षणभर मागं वळून आपल्या सासूकडं बघते. तेवढंच. पण त्या क्षणात मी घरी परत येऊन, कुलूप काढून, दिवा लावून बसलेलीही असते.

तरुणपणी मात्र मी या सणातली पट्टीची खेळाडू. माझं माहेर दौंडच्या बाजूचं, भीमेकाठचं. लग्न होऊन आले तेव्हा अंगात एवढा तोरा की विचारू नका. कुणाच्या घरी वाणाला काय लुटणार आहेत याची बातमी मी दोन दिवस आधी काढायची. जिथं स्टीलची वाटी तिथं पहिल्या झुंडीत, जिथं प्लास्टिकची गाळणी तिथं दमादमानं, आणि गेल्यावर "इतकं कशाला केलं वैनी?" असं लाजून. नाव घ्यायला सांगितलं की तीनदा नको नको म्हणायची आणि मग घरून पाठ करून आणलेला उखाणा आत्ताच सुचल्यासारखा घ्यायची. आमची एक चुलतसासू होती, लहानपणीच कपाळ पुसलेली. संक्रांतीच्या आधी ती आतल्या खोलीत तीळ निवडत बसायची. निवडलेले तीळ बाहेर यायचे, ती यायची नाही. मला ते तेव्हा दिसलं असणारच. आठवत मात्र नाही.

आमचे हे दिवाळीच्या तोंडावर गेले. उसाला पाणी धरायला गेले, दमले म्हणून बांधावर टेकले, ते टेकलेच. घरात माणसांचा पूर आला. आणि मी? मी बंदोबस्त करत होते. कुणाला सतरंजी, कुणाला पाणी, पुण्याहून येणाऱ्यांची गाडी कुठं लावायची. थोरल्या जाऊबाई मला दंडाला धरून म्हणाल्या, "अगं रड बाई, न्हाईतर आतच साठंल." मी म्हटलं, "रडते हो. आधी धार काढायला कोण जातंय ते बघू द्या." रडायलासुद्धा हातातली कामं उरकून सवड काढायची असते, अशी त्या एकसष्टीच्या पोरीची समजूत. सगळे म्हणाले, काय खंबीर बाई! तिला ते आवडलं. मग काय, खंबीरच राहावं लागलं.

आमची वैशाली तेव्हा कोस्टा रिकात होती. जावई आधी रांजणगावात कामाला होते, तिथून दवाखान्याची उपकरणं करणाऱ्या एका कारखान्यात तिकडं गेले. दोन समुद्रांच्या मधे चिमटीत धरल्यासारखा तो देश; नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली सगळा झाकून जातो. दिवसकार्य आटोपलं तशी वैशाली म्हणाली, "आई, तू माझ्याबरोबर चल." मी नाही म्हणत होते. जाऊबाईच म्हणाल्या, "जा तू. संक्रांत तिकडंच काढ. हितं बायांची ये-जा आन् तू कोपऱ्यात. मलाच बघवायचं न्हाई ते." त्या प्रेमानं म्हणाल्या. म्हणून ते जास्त लागलं.

तर असा माझा तो पौष कॉफीच्या डोंगरावर उगवला. आपल्याकडे थंडी, आणि तिथं त्याच महिन्यांना उन्हाळा म्हणायचं, कारण पाऊस थांबलेला असतो. ऊन लख्ख, पण वारा असा की वाळत घातलेलं लुगडं शेजारच्या गावात सापडावं. उतारावर कॉफीची झुडपं, त्यात लालबुंद फळं, आणि मधे मधे सावलीसाठी लावलेली उंच झाडं, पानं झडून नुसती शेंदरी फुलांनी पेटलेली. मी बघताच ओळखलं. पांगाऱ्याचीच भावकी! परमुलखात पहिल्यांदा कुणी ओळखीचं भेटलं ते हे झाड. मी त्याच्या खोडावर हात ठेवून उभी राहिले तर वैशाली म्हणाली, "आई, लोक बघतात." बघू देत की. त्यांच्या झाडाचे मामा-काका आमच्याकडे असतात.

कॉफी तोडणाऱ्या बाया कंबरेला टोपली बांधून ओळीत चालायच्या. दोन्ही हातांनी तोडायच्या आणि तोंडानं बोलायच्या, अगदी आपल्या कांद्याच्या रानातल्यासारख्या. शब्द एक कळत नव्हता, पण सासूविषयी चाललंय की नवऱ्याविषयी, ते सुरावरून समजत होतं. मी कुंपणाबाहेर उभी राहून ऐकायची. माझे हात शिवशिवायचे. बोलायला की तोडायला, कोण जाणे.

त्या देशात एक गंमत. घरांना नंबर असले तरी सांगत नाहीत, रस्त्यांची नावं कुणी घेत नाही. पत्ता सांगायचा तो असा: जुन्या वडापासून शंभर मीटर दक्षिणेला, मग डाव्या हाताचं हिरवं फाटक. मी विचारलं, "वड कुठाय?" वैशाली हसली. "वड कधीच पाडला, आई. पण पत्ता तिथूनच मोजतात." मला वाटलं, हे मात्र आपल्यासारखंच. आपणही पडून गेलेल्या चिंचेपाशी उतरतोच की एसटीतून. मग त्या दुपारी एकटी बसले असताना लक्षात आलं, माझा पत्ताही आता असाच झाला. अमक्याची बायको, असं लोक अजून म्हणतात. मोजणी त्यांच्यापासूनच सुरू होते.

दुपारी घर अगदी गप्प असायचं. वैशाली आणि जावई उजाडताच कामाला जायचे. खिडक्यांना लोखंडी गज, गजांमागं मी. कधी जमीन हलकेच थरथरायची. पहिल्यांदा मला वाटलं उसाचा ट्रक गेला. नंतर कळलं, तिथं धरणीला अधूनमधून अशी कड बदलायची सवय आहे. ताटल्या किणकिणायच्या आणि थांबायच्या. "काय गं, हललं का?" असं विचारायला कुणी नव्हतं. माणूस एकटं आहे हे त्याला भुकेनं कळत नाही, की अंधारानं कळत नाही. हललं का, असं विचारायला कुणी नसलं की कळतं.

मग समोरच्या घरातली फ्लोरबाई भेटली. माझ्याच वयाची, ठेंगणी, गोल, ओठांना लाल रंग, कानात डूल. तिचा नवराही गेलेला. हे आम्ही एकमेकींना कसं सांगितलं? तिनं बोटातली अंगठी दाखवली आणि आभाळाकडे बोट केलं. मी माझा मोकळा गळा दाखवला आणि आभाळाकडे बोट केलं. मग दोघींनी वर बघितलं, जणू ते दोघं तिथं पत्ते खेळत बसलेत. झाली ओळख.

तिनं मला आत बोलवून कपभर गरम पाणी दिलं. प्यायले आणि दचकलेच. गूळ! ढेप फोडून पाण्यात उकळलेला साधा गूळ. त्यांच्याकडे हे रोजचं पेय आहे, आणि ढेपही दाखवली तिनं मला, डोकं छाटलेल्या शंकूसारखी. दौंडकडच्या गुऱ्हाळांच्या धुरात मी लहानाची मोठी झाले. उन्हातून आलेल्याला गूळपाणी द्यायचं हे शिकवावं लागत नाही आमच्यात. तेच एवढ्या लांब, समुद्रापलीकडे, ओठ रंगवलेल्या बाईच्या हातून मिळालं. सकाळी खायचे तर काय, रात्रीचा उरलेला भात आणि घेवडा एकत्र परतून! मी वैशालीला म्हटलं, "अगं, फोडणीचा भात खायला एवढ्या लांब कशाला आलीस?" आणखी एक मला फार आवडायचं. तिथं सगळ्यांनाच अहोजाहो. लेकराला, नवऱ्याला, दारातल्या कुत्र्यालाही. फ्लोरबाई कुत्र्याला रागावायची तेव्हा वैशाली मला अर्थ सांगायची: "तुम्ही आधी सोफ्यावरून खाली उतरा."

पण फ्लोरबाई दिवसभर लेकीसुनांत, बाजारात, चर्चमध्ये. मी तिच्या फाटकाकडे बघत बसायची. ती दिसली की उगाच बाहेर येऊन केर काढायची. एवढा केर त्या अंगणात कधी नव्हता.

संक्रांतीच्या दिवशी तिथं उजाडत होतं तेव्हा इथं सांज झाली होती. मी जाऊबाईंना फोन लावला. चेहरा दिसणारा. त्यांचं घर बायांनी भरलेलं. मागं बांगड्या वाजत होत्या, कुणीतरी नाव घेत होतं आणि हसण्याचा फवारा उडाला. जाऊबाईंनी घाईघाईनं फोन पालथा ठेवला. मला दिसू नये म्हणून. मला काळोख दिसत होता आणि हसणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, "तिळगूळ घ्या." त्या म्हणाल्या, "व्हय गं, घेतला. तू बरी हायस न्हवं?" मी म्हटलं, अगदी मजेत.

त्या दिवशी मी तिथल्या ढेपेचा गूळ आणि इथून नेलेले तीळ घेऊन लाडू वळले. डबा भरला. आणि मग कळलं, द्यायला कुणी नाही. एक लाडू स्वतःच्या उजव्या हातातून डाव्या हातात दिला. गोड बोल, म्हटलं. हसले. मग तो खाल्ला नाही.

चार वाजून गेल्यावर समोर हालचाल सुरू झाली. टेम्पोतून प्लास्टिकच्या खुर्च्या उतरवत होते. मांडव नाही, गाणं नाही, आणि अंगणात खुर्च्या. आमच्या गावात अशा खुर्च्या एकाच कारणानं उतरतात. मग माणसं येऊ लागली, साध्या कपड्यांतली, खालच्या आवाजात बोलणारी. फ्लोरबाई काळा झगा घालून दारात उभी. आलेल्या प्रत्येक बाईला ती मिठी मारत होती. आणि थोड्या वेळानं आतून आवाज आला. एकानं दोन ओळी म्हणायच्या, बाकीच्यांनी एका सुरात उत्तर द्यायचं, पुन्हा तेच, पुन्हा तेच. संथ, जड. मी मनाशी म्हटलं, गेलं कुणीतरी. नात? लेक? काल तर मुलगा धडधाकट फाटक रंगवत होता!

वैशाली कामावर. विचारायचं कुणाला? आणि आमच्याकडे अशा वेळी विचारत बसत नाहीत. कुणी गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारणीनं भाकरी-पिठलं करून न्यायचं असतं. नेऊन नुसतं ठेवायचं नाही. त्या घरच्या बाईच्या गळ्यात पडून सूर धरायचा, म्हणजे तिचं अडलेलं रडू वाट काढतं. हे कामच आहे, आणि ते मला येतं. त्या एकसष्टीच्या पोरीला तर, खोटं कशाला सांगू, जरासं बरंच वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिची कुणाला तरी गरज होती! ज्वारीचं पीठ होतं. भराभर भाकऱ्या थापल्या, घट्ट पिठलं हाटलं, धुतलेल्या पंच्यात बांधलं. पायात काही न घालता रस्ता ओलांडला.

आणि मग जे झालं ते आधीच सांगितलं आहे. "अगं माझे बाई! कसा गं घात झाला!" असं म्हणत मी तिच्या गळ्यात पडले. खणखणीत सूर, शिरूरच्या बाजारपेठेत ऐकू जाईल असा. प्रार्थना थांबली. माझी हनुवटी तिच्या खांद्यावर होती, आणि खांद्यावरून मला आतलं दिसलं. भिंतीशी शेवाळाचा डोंगर केलेला, त्यावर कापसाच्या मेंढ्या, लुकलुकणारे दिवे, आणि गवतावर एक हसरं मातीचं बाळ. तान्ह्या येशूचं. नंतर वैशालीनं सांगितलं, नाताळात मांडलेला तो देखावा आवरायच्या आधी घरोघर अशी प्रार्थना करतात, रेसो म्हणतात त्याला, आणि मग जेवण, गाणं. मला तेव्हा एवढं नाव कुठलं माहीत! पण मेंढ्या बघून कळलं. इथं कुणी मेलेलं नाही. आपण चुकलो. थांब बये.

थांबताच येईना.

सूर दुसऱ्यासाठी धरला होता, रडू माझं निघालं. बांध फुटल्यावर पाणी कुठल्या सऱ्यांत जायचं ते विचारत नाही, तसं. बांधावर टेकलेले आमचे हे, त्यांच्या पायातली चिखलाची वहाण, पालथा ठेवलेला फोन, आतल्या खोलीतली चुलतसासू, सगळं त्यातून वाहून आलं. मी त्या मेंढ्यांकडे बघत होते, लाजत होते आणि रडत होते. फ्लोरबाईनं मला सोडलं नाही. माझ्या पाठीमागून तिनं हातानं काहीतरी खूण केली असावी, कारण प्रार्थना पुन्हा सुरू झाली. एकानं दोन ओळी, सगळ्यांचं उत्तर. माझं रडणं त्यात बसून गेलं. गिटारवाले गृहस्थ खाली बसले.

नंतर तिनं मला पुढच्या खुर्चीवर बसवलं, देखाव्याच्या अगदी समोर. मी मागं सरकायला लागले तर तिनं खांदा दाबला. मेणबत्ती तिनंच लावली, आरतीसारखं जे काही होतं ते तिनंच केलं. नवरा गेलेली बाई, तिच्या हातून सगळं शुभ चाललेलं, आणि कुणी कुणाकडे वळून बघत नव्हतं. मी डोळे पुसून तेच बघत बसले. ताटं आली. भाताशेजारी माझी भाकरी मोडून वाढलेली. एक म्हातारी पिठलं बोटानं चाखत होती आणि शेजारणीला ढोसून दाखवत होती.

एवढ्यात वैशाली आली. कामाची पिशवी खांद्यालाच. दारात कुणीतरी तिला सगळं सांगितलं असणार. तिचा चेहरा कांद्याच्या पातीसारखा पडला. "आई, अगं काय केलंस हे! त्यांचा सण आहे!"

"कळलं मला," मी म्हटलं. "पण जरा उशिरा कळलं. तू तिला सांग, मला माफ कर म्हणावं. आनंदाच्या घरी मी अपशकून केला. मी आता नाही येणार परत."

वैशालीनं ते तिला तिच्या भाषेत सांगितलं. सांगताना लेकीचाच आवाज हलला. फ्लोरबाईनं शांतपणे ऐकून घेतलं, ओठ पुसले, माझ्या हातात गुळाच्या पाण्याचा कप दिला आणि काहीतरी बोलली. वैशालीनं मला ते एकेक शब्द तसाच सांगितला:

"माझा नवरा गेला तेव्हा त्याच्यासाठी असं पोटातून कुणी रडलं नव्हतं, मीसुद्धा नाही. उद्या खालच्या आळीत रेसो आहे. रडायचं असलं तरी या, नसलं तरी या."